सहा दारं, एक कागद
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

या वेळी गोव्यातून आलेल्या पत्रांतली पाच पत्रे एकाच विषयाची आहेत. घरात बाईचा छळ होतोय हे कळल्यावर कोणी काय करायचे, आणि सगळ्यांना माहीत असूनही काहीच का होत नाही, असे सर्वांनी विचारले आहे. नावे आणि वाडे गाळले आहेत. उत्तरांत ‘कायदा’ म्हटले आहे तो 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे.

प्रश्न : आमच्या वाड्यावर एक माणूस दारू पिऊन बायकोला मारतो. पंचायतीत बोलावून दोनदा समज दिली, लिहूनही घेतले. पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. पोलिसांना माहीत आहे, आरोग्य केंद्राला माहीत आहे, अंगणवाडी सेविकेलाही माहीत आहे. आता पंचायतीने काय करावे? (एक पंच, सत्तरी)

उत्तर : तिसऱ्यांदा बोलावू नका. दोघांना समोरासमोर बसवले की ती खरे बोलत नाही, कारण बैठक संपल्यावर तिला त्याच्याबरोबरच घरी जायचे असते. जे बोलेल त्याचा हिशेब रात्री होतो. शिवाय तुमच्याकडच्या कागदावर ‘दोघांनी नीट राहावे’ असे लिहिलेले असणार. पुढे न्यायालयात तोच कागद ‘दोघांचीही चूक होती’ असे दाखवायला वापरला जातो. कायद्याखालच्या समुपदेशनाचे नियम निराळे आहेत. तिथे पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याला द्यावी लागते, ‘तिने असे केले म्हणून मी मारले’ हे समर्थन ऐकून घेतले जात नाही आणि समेटाचा विषय ती म्हणेल तरच निघतो. पंचायतीच्या बैठकीत यातले काहीच नसते.

दारूचे म्हणाल तर तो पिऊन तुम्हाला किंवा बारवाल्याला मारतो का, एवढेच बघा. व्यसनाचा उपचार जरूर करावा, पण तिच्या संरक्षणासाठी त्याची वाट पाहू नये.

पंच म्हणून तुम्हाला करता येण्यासारखे एक नेमके काम कलम 4 मध्ये आहे. हिंसा झाली किंवा होण्याची शक्यता आहे असे वाटणारा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याआधी मात्र ती एकटी असताना तिला विचारा. तुमच्या घरातल्या बाईमाणसाने विचारले तर अधिक बरे. मार चालू असेल तर विचारत बसू नका, 112 लावा. सल्ला, सोय, पुढची वाट यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

आता ‘सगळ्यांना माहीत आहे’ याविषयी. प्रत्येकाला एकेक तुकडा माहीत असतो. आरोग्य केंद्राला चार महिन्यांतली तिसरी जखम दिसलेली असते, बीटच्या हवालदाराला त्याने कोयता उगारल्याचे माहीत असते, सेविकेला ती पुन्हा गरोदर असल्याचे आणि शाळेला मुलगा आठवडाभर न आल्याचे. एकेकटी पाहिली तर यातली एकही गोष्ट ‘आज रात्रीच काहीतरी करा’ असे सांगत नाही. चारही एकत्र ठेवल्या तर सांगते. वेल्समधल्या कार्डिफ शहरात 2003 साली याच कारणासाठी पोलीस, दवाखाना, घरे देणारे खाते आणि महिला संघटना यांची एकत्र बैठक सुरू झाली. पुढे ब्रिटनभर तीच पद्धत गेली. आपल्याकडे तिला वेगळा कायदा लागत नाही. संरक्षण अधिकाऱ्याने बोलावले की पुरे.

तालुक्याला अशी बैठक बसवायची तर माणसे सात-आठच असावीत : संरक्षण अधिकारी, पोलीस ठाण्यातली एक ठरलेली अधिकारी, आरोग्य केंद्राचे डॉक्टर किंवा नर्स, अंगणवाडीची पर्यवेक्षिका, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील, जिल्ह्याच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची समुपदेशक आणि असेल तर एक महिला संस्था. मूल शाळेत जात असेल तर त्या प्रकरणापुरते मुख्याध्यापक. पंच नकोत. राग मानू नका, पण पंचाला मते लागतात, आणि मारणाऱ्यालाही मत असते. बैठक महिन्यातून एकदा. जीवाला धोका दिसला तर दुसऱ्या दिवशीच, चौघे जमले तरी चालेल, फोनवर जमले तरी चालेल. एका प्रकरणाला 10 ते 15 मिनिटे. शेवटी तीनच गोष्टी लिहायच्या : काय करायचे, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. ‘पोलिसांनी लक्ष ठेवावे’ हा निर्णय नव्हे. ‘अमुक हवालदार मंगळवार-शनिवार रात्री नऊनंतर त्या रस्त्याने जाईल आणि नोंद करेल’ हा निर्णय.

बैठक बिघडते ती दोन जागी. पहिली, गोवा लहान आहे. कारकुनापासून डॉक्टरपर्यंत कोणी ना कोणी त्याचा चुलत-मावस निघतो. म्हणून नाव काढायच्या आधी आडनाव आणि वाडा सांगून ‘कोणाचे नाते?’ असे विचारायचे आणि नाते असलेल्याने बाहेर जायचे. दुसरी, व्हॉट्सअॅप. गटावर नाव, फोटो, पत्ता टाकला की ते सगळे संध्याकाळपर्यंत वाड्यावर पोचते. गटावर प्रकरणाचा क्रमांक तेवढा टाकावा. आणि तिची माहिती एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाण्याआधी तिला विचारलेले असावे. अपवाद एकच, जीवाला धोका असताना. त्या वेळीही जेवढे लागते तेवढेच सांगायचे.

प्रश्न : ‘पायरीवरून पडले’ म्हणणाऱ्या बायका येतात. नवरा शेजारीच उभा असतो. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) केली तर पोलीस येणार म्हणून बाई घाबरते आणि पुन्हा येतच नाही. आम्ही काय विचारावे, काय लिहावे? (परिचारिका, पेडणे तालुका)

उत्तर : आधी नवऱ्याला बाहेर काढा, पण संशय न येऊ देता. लघवीचा नमुना घ्यायचा आहे, बीपी आत घेतो, केसपेपर नोंदवून आणा, यातले काहीही चालते. मग सरळ विचारा. ‘घरी सगळे ठीक ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. ‘अशा जखमा पुष्कळदा कोणीतरी मारल्याने होतात. तुम्हाला कोणी मारले का?’ हा प्रश्न चालतो. ती ‘नाही’ म्हणाली तर वाद घालू नका. 181 हा आकडा तोंडपाठ करून द्या. चिठ्ठी देऊ नका, ती पर्समध्ये सापडते.

पडल्याची जखम बहुधा पुढे आलेल्या भागावर असते : गुडघा, तळहात, कोपर, हनुवटी. मारल्याच्या जखमा दंडाच्या आतल्या बाजूला, पाठीवर, कानामागे, मानेवर, छातीवर सापडतात, आणि वार अडवताना हाताच्या बाहेरच्या कडेला. वेगवेगळ्या दिवसांचे वळ एकाच अंगावर असणे ही मोठी खूण. मात्र रंगावरून ‘चार दिवसांपूर्वीचा’ असे लिहू नका. ते खात्रीने सांगता येत नाही, आणि उलटतपासणीत तिथेच कागद फाटतो. जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आकार आणि रंग लिहा. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, अवतरणात लिहा : ‘नवऱ्याने काल रात्री केस धरून चुलीवर ढकलले असे सांगते’. ‘कथित’, ‘किरकोळ’, ‘घरगुती भांडण’ हे शब्द केसपेपरवर नकोत.

गळा दाबला का, हे प्रत्येकीला विचारा. आपणहून ते कोणी सांगत नाही, आणि निम्म्याच्या आसपास बायकांच्या मानेवर वळही दिसत नाही. आवाज बसला आहे का, गिळताना दुखते का, डोळ्यांत किंवा पापणीच्या आत लाल ठिपके आहेत का, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधार आला का, लघवी झाली का, हे बघा. यातले एकही ‘हो’ असेल तर घरी पाठवू नका. 108 बोलावून जिल्हा रुग्णालयात किंवा गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवा, कारण मानेतल्या रक्तवाहिनीला इजा असेल तर त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनीही सुरू होतो. दुसरे कारण वर सांगितलेल्या तालुक्याच्या बैठकीसाठी : अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक दिसली. म्हणून संरक्षण अधिकाऱ्याला त्याच दिवशी फोन करायचा तो या खुणेवर.

एमएलसीच्या भीतीबद्दल. एमएलसी म्हणजे तक्रार नव्हे, नोंद आहे, हे तिला आधी सांगा. पोलीस आले तरी जबाब द्यायचा की नाही हे ती ठरवते. नको असेल तर ‘माहिती दिली, सध्या तक्रार नको म्हणते’ असे लिहून तिची सही घ्या आणि तपासणी मात्र पूर्ण करा. सहा महिन्यांनी ती न्यायालयात गेली की तुमचे तेच पान तिच्या कामाला येते.

याच कायद्याच्या 2006 च्या नियमांत आरोग्य केंद्रासाठी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते. नियम 17 प्रमाणे आधी अहवाल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. उलट घरगुती घटना अहवाल, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, कोणी केलेला नसेल तर केंद्राच्या प्रमुखाने नमुना 1 भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. तपासणीच्या कागदाची प्रत तिला फुकट द्यायची असते. नमुना 1 च्या दहा कोऱ्या प्रती ड्रेसिंगरूमच्या खणात ठेवा. प्रमुखांच्या टेबलावर ठेवल्या तर दुपारी दोननंतर मिळायच्या नाहीत.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले, ते बायका पोलीस ठाण्याआधी दवाखान्यात येतात हे पाहूनच. पेडण्यातही वेगळे नसावे.

प्रश्न : बहिणीने पोलिसांत तक्रार दिली तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून परत पाठवले. मग संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो. चार महिने झाले, तारखा पडतात. नेमके कुठे अडते? (फोंडा)

उत्तर : तीन वेगळे कागद आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्याने अडते. एफआयआर पोलिसांत होते, शिक्षेसाठी. डीआयआर ही घडलेल्या गोष्टींची नोंद असते. ती संरक्षण अधिकारी किंवा नोंदणीकृत संस्था भरते. आणि कलम 12 चा अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे जातो, त्यातून संरक्षण, घर, खर्च, मुलांचा ताबा मिळतो. डीआयआर दिला म्हणजे अर्ज झाला असे समजून बायका महिनोन् महिने थांबतात. उलट, डीआयआर नाही म्हणून अर्ज घेत नाहीत असेही कोणी सांगेल. बाईला स्वतः थेट अर्ज करता येतो.

एनसी का झाली? ठाण्यात ‘थोबाडीत मारली’ एवढेच सांगितले की ती साधी दुखापत धरतात, आणि तो अदखलपात्र गुन्हा आहे. छळ सतत चालला आहे, जीवाला किंवा तब्येतीला धोका आहे, हे तारखांसह सांगितले तर भारतीय न्याय संहितेचे कलम 85 लागते, जुने 498-अ. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. ती तक्रार तुम्ही, म्हणजे रक्ताच्या नात्याने, देऊ शकता. शेजारी देऊ शकत नाही, त्याला संरक्षण अधिकाऱ्याचाच मार्ग. ठाण्याने घेतली नाही तर तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. पोच जपून ठेवा. आणि एफआयआर झाली म्हणजे तो त्याच रात्री आत जाईल असे धरून चालू नका. तीन वर्षांच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा नोटीस देऊन बोलावतात. त्या रात्री बहीण कुठे झोपणार हे तक्रार द्यायच्या आधी ठरलेले हवे.

मुदती कायद्यात लिहिलेल्या आहेत : पहिली तारीख साधारण 3 दिवसांत, नोटीस बजावणे जास्तीत जास्त 2 दिवसांत, निकाल शक्यतो 60 दिवसांत. प्रत्यक्षात पहिला खोडा नोटिशीचा. पत्ता अर्धवट असतो किंवा तो भाड्याची खोली बदलतो, आणि नोटीस परत येते. म्हणून अर्जात घराचा पत्ता, कामाच्या जागेचा पत्ता, मालकाचे नाव, कामाच्या शिफ्टची वेळ, फोन, गाडीचा नंबर सगळे द्या. कामाच्या जागी बजावणे सोपे जाते. वकील परवडत नसेल तर विचार करू नका, विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 वर विचारा.

दुसरा खोडा अर्जातला. ‘अंतरिम आदेश हवा’ हे कलम 23 खाली वेगळे मागून सोबत नमुना 3 चे प्रतिज्ञापत्र लावलेले नसते. धोका दिसला तर त्याची बाजू न ऐकताही दंडाधिकारी एकतर्फी आदेश देऊ शकतात.

तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत मोठा : आदेश होतो आणि तो फाईलमध्येच राहतो. कलम 24 प्रमाणे त्याची प्रत दोन्ही पक्षांना, त्या हद्दीच्या ठाण्याला आणि तिथल्या संस्थेला फुकट जायला हवी. ती पोचली नसेल तर रात्री अकराला आलेला हवालदार म्हणतो, ‘आमच्याकडे काही नाही’. संरक्षण आदेश मोडणे हा कलम 31 खाली दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ठाण्याच्या टेबलावर आदेशच नसेल तर हे सगळे कागदावर. बहिणीने एक प्रत स्वतः नेऊन द्यावी, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि त्या पानाचा फोटो माहेरच्या फोनवर ठेवावा.

एक सूचना अधिकाऱ्यांसाठीही. नोटीस त्याच्या हातात पडते तो दिवस तिच्यासाठी धोक्याचा. तिला आदल्या दिवशी कळवा, बीटला सांगा, आणि तिच्या फोनवर ठाण्याच्या नंबरावरून फोन करू नका. ट्रूकॉलरवर ‘पोलीस स्टेशन’ असे उमटते. कोणत्या वेळी, कोणाच्या फोनवर, काय बोलून सुरुवात करायची, हे पहिल्या भेटीत विचारून फाईलच्या आतल्या पानावर लिहा.

प्रश्न : जावई तारवटी आहे. सुट्टीवर आला की मारतो, बोटीवर गेला की पैसे बंद. घर सासूच्या नावावर, मुंडकाराचे (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीतले). सासू म्हणते, ‘पोलिसांत गेलीस तर बाहेर काढीन.’ लग्नाच्या नोंदणीतली दुसरी, नोंदणी पक्की करणारी सही झालेली आहे. (सासष्टी)

उत्तर : घर कोणाच्या नावावर आहे यावर तिचा राहण्याचा हक्क ठरत नाही. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा खटल्यात सांगितले की, नातेवाइकांच्या मालकीचे असले तरी ती जिथे एकत्र राहिली ते सामाईक घर ठरू शकते. तिला बाहेर काढण्यावर मनाई मिळते. मात्र सासूला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळत नाही, कारण बाई असलेल्या प्रतिवादीविरुद्ध तो देता येत नाही. सासूबरोबर राहणेच अशक्य असेल तर पर्यायी जागा किंवा भाडे मागा.

पैशाला उपाय आहे. खर्चाचा आदेश होऊनही त्याने दिले नाहीत तर कलम 20 प्रमाणे त्याच्या मालकाला, म्हणजे बोटीवर पाठवणाऱ्या कंपनीला, पगारातून परस्पर देण्याचे सांगता येते. त्यासाठी कंपनीचे नाव आणि मुंबईच्या कचेरीचा पत्ता, करारपत्राची प्रत, बोटीचे नाव, करार संपण्याची तारीख आजच मिळवा. तो घरी असताना हे कागद सापडणे कठीण. परतण्याची तारीख संरक्षण अधिकाऱ्याला द्या. धोका केव्हापासून, हे इथे चक्क कॅलेंडरवर आहे, आणि असे क्वचित असते.

दुसरी सही झालेली असल्याने गोव्याच्या दिवाणी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, दोघांच्या मालमत्तेत तिचा निम्मा वाटा आहे, आणि तिच्या संमतीशिवाय त्याला जमीन किंवा फ्लॅट विकता येत नाही. ‘बँकेचा फॉर्म आहे’ म्हणून पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर तिने सही करू नये. ज्यांची दुसरी सही राहिली आहे त्यांना हा वाट्याचा आधार कमकुवत पडतो, पण 2005 च्या कायद्याचे संरक्षण त्यांनाही आहे. लग्नासारखे नाते त्यात धरलेले आहे.

प्रश्न : आमच्या स्वयंसाहाय्य गटातली बाई निघायचे म्हणते. रात्री न्यायचे कुठे? मुलेही आहेत. (डिचोली)

उत्तर : ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येते. तिथेच पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशक यांची गाठ पडावी अशी योजना आहे. पुढचे दिवस निवारागृहात. नियम 16 प्रमाणे डीआयआर नाही म्हणून निवारागृहाने परत पाठवायचे नाही, आणि तिची इच्छा असेल तर ती तिथे आहे हे कोणालाही सांगायचे नाही. मुलगा मोठा असेल तर सोबत घेतात का, हे 181 वर आधी विचारा. हे रात्री दारात कळले की बाई परत फिरते.

निघण्याच्या आधी : आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाचे पुस्तक, औषधे, दवाखान्याचे कागद, दागिन्यांची यादी. मूळ कागद एकदम गायब झाले तर त्याला कळते, म्हणून फोटो गटाच्या सचिवाच्या फोनवर आणि झेरॉक्स गटाच्या पेटीत. गृह आधार या सरकारी योजनेचे महिन्याचे 1500 रुपये ज्या खात्यात येतात त्याचे एटीएम कार्ड त्याच्याकडे असेल तर पिन बदला किंवा नवे कार्ड मागवा, पण पत्ता माहेरचा द्या. फोनमधले लोकेशन शेअरिंग बंद करायचे ते घरातून निघाल्यावर. दोन दिवस आधी बंद केले की तो विचारतो.

मुलांचे नाव शाळेतून काढू नका. मुख्याध्यापकांना एकदा भेटून, मुलांना कोणाच्या हाती द्यायचे ते लेखी द्या. ताब्याचा आदेश असेल तर त्याची प्रतही. मुलांनाही मार बसत असेल तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आणि गोव्याचा 2003 चा बाल कायदा आहे. ती तक्रार आईच्या प्रकरणापासून वेगळी चालते, पण संरक्षण अधिकाऱ्याला दोन्हींची माहिती असू द्या.

तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, हे तीन पत्रांत विचारले आहे. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने महिला व बालविकास खात्यातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर या कामावर नेमण्याचे आदेश राज्यांना दिले. नाव आणि फोन महिला व बालविकास संचालनालयात विचारा, आणि मिळाला की पंचायत, रेशन दुकान, आरोग्य केंद्र यांच्या फलकावर लावा. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावलात तर उत्तम. तिथे तो शेजारी उभा नसतो.